रिपब्लिकने एमएलएसच्या दारात अजून किती वर्षं उभं राहायचं?

कानोसा (धागाकर्ता)

सॅक्रामेंटो रिपब्लिक या कॅलिफोर्नियातल्या फुटबॉल क्लबबद्दल क्रीडा विभागात तुकड्यातुकड्यांनी बरंच बोलून झालंय, दर वेळी कुणाच्या तरी धाग्यावर अवांतर होतं, म्हणून वेगळा धागा. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: क्लबने आता एमएलएसचा, म्हणजे अमेरिकेतल्या फुटबॉलच्या सर्वोच्च लीगचा, नाद सोडावा. स्टेडियम आपल्या ऐपतीचं बांधावं, सध्याच्या खालच्या लीगमध्ये, म्हणजे यूएसएलमध्येच राहावं, आणि तिथे नवी पहिली डिव्हिजन उभी राहिली तर तिच्यात जावं.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. क्लब प्रत्यक्ष मैदानात उतरला २०१४ साली, तेव्हाच्या यूएसएल प्रोमध्ये. पहिला घरचा सामना ह्यूज स्टेडियमवर झाला आणि २०,२३१ लोक आले. त्याच वर्षी विजेतेपद. प्रशिक्षक प्रेकी. पहिल्याच हंगामात एवढं झाल्यावर सगळं गाव म्हणायला लागलं की आता एमएलएस दूर नाही. मग दर दीड-दोन वर्षांनी 'आपलं नाव यादीत आहे' अशी बातमी यायची आणि जागा भलत्याच शहराला जायची.

शेवटी २१ ऑक्टोबर २०१९ ला खरोखर जाहीर झालं. लीगचा २९वा संघ सॅक्रामेंटोचा, खेळ २०२२ पासून. स्टेडियम डाउनटाउनला लागून असलेल्या रेलयार्ड्समध्ये. आयुक्त डॉन गार्बर स्वतः आले, महापौर, गव्हर्नर, भाषणं, मफलर उंचावून फोटो. प्रवेशशुल्क २० कोटी डॉलर. मुख्य गुंतवणूकदार रॉन बर्कल, म्हणजे पिट्सबर्ग पेंग्विन्स या आइस हॉकी संघाचे तेव्हाचे एक मालक. पुढे कोविड आला, मुहूर्त २०२३ वर गेला. आणि २६ फेब्रुवारी २०२१ ला बर्कल यांनी अंग काढून घेतलं. पत्रिका वाटून झाल्यावर मुलाकडच्यांनी नकार कळवावा, तसं.

माझा राग बर्कल यांच्यावर नाही. धंदा करणारा माणूस, आकडे जमले नाहीत, निघून गेला. प्रश्न असा की जो क्लब जिंकतो, ज्याच्याकडे प्रेक्षक आहेत, त्याची वरची जागा एका माणसाच्या सहीवर अवलंबून असेल तर त्या जागेसाठी किती वर्षं घालवायची?

पोटमाळा

मी इंग्लिश फुटबॉल बघणारा, त्यामुळे पहिल्या पायरीवरच अडखळलो. २०१४ ला विजेतेपद मिळालं म्हणता, मग २०१५ ला वर का गेले नाहीत? तिकडचा ल्युटन क्लब बघा, २०१४ ला पाचव्या पातळीवर होतं आणि २०२३ ला प्रीमियर लीगमध्ये पोचलं, तेही गल्लीतल्या घरांच्या मधून ज्याच्या स्टँडमध्ये शिरावं लागतं अशा मैदानासकट.

ऑफसाइड आबा

पोटमाळा, अमेरिकेत वर जाणं हा निकालाचा भागच नाही. एमएलएस ही रचनेनेच एक कंपनी आहे. मालक त्या कंपनीत हिस्सा घेतात, खेळाडूंचे करार क्लबशी नसून लीगशी असतात, पगारावर मर्यादा असते. नवा संघ येतो तो हिस्सा विकत घेऊन, आणि त्याने भरलेलं शुल्क जुन्या मालकांच्या पदरात पडतं. आता तळाला राहिलो तर खाली जावं लागेल अशी अट हे मालक कशाला मान्य करतील? पन्नास कोटी भरणाऱ्याला तर ती भीती दाखवून चालणारच नाही.

शुल्काचे आकडे बघा म्हणजे चित्र लख्ख होईल. २००७ ला टोरंटोने १ कोटी डॉलर भरले. सिअ‍ॅटलने ३ कोटी, मॉन्ट्रियलने ४ कोटी. अटलांटाला ७ कोटी पडले, सिनसिनाटीला १५. सेंट लुइसला २०, शार्लटला साडेबत्तीस. आणि २०२३ मध्ये सॅन डिएगोने ५० कोटी मोजले. सोळा वर्षांत पन्नास पट. तेवढ्या काळात मैदानाची लांबी-रुंदी काही वाढलेली नाही.

कोर्टकचेरीही झाली आहे. मायामी एफसी आणि किंग्स्टन स्टॉकेड हे दोन क्लब २०१७ मध्ये लोझानच्या क्रीडा लवादाकडे गेले, की अमेरिकन फेडरेशनला बढती-पदावनती लागू करायला लावा. २०२० च्या फेब्रुवारीत अर्ज फेटाळला गेला. म्हणजे तोही दरवाजा बंद.

बदली खेळाडू

कानोसा, तुमची कळकळ समजते, पण निष्कर्ष पटत नाही. एमएलएसचा रस्ता बंद असता तर सिअ‍ॅटल, पोर्टलँड, व्हँकूव्हर, ऑरलँडो, मिनेसोटा हे सगळे कुठून आले? खालच्याच डिव्हिजनमधून.

सिनसिनाटीचं उदाहरण घ्या. २०१६ ला यूएसएलमध्ये सुरुवात, विद्यापीठाच्या निपर्ट स्टेडियमवर. २०१७ ला सरासरी प्रेक्षक २१ हजारांच्या वर. त्याच वर्षी ओपन कपमध्ये, म्हणजे सगळ्या पातळ्यांच्या क्लबांच्या बाद पद्धतीच्या चषकात, कोलंबस आणि शिकागो या दोन एमएलएस संघांना बाहेर काढून उपांत्य फेरी. २०१८ च्या मे महिन्यात प्रवेश जाहीर. पहिल्या सामन्यापासून मोजलं तर सव्वादोन वर्षं! लोकांनी स्टेडियम भरून दाखवलं आणि लीगला नाही म्हणता आलं नाही. सॅक्रामेंटोचं गणित फक्त पैशाच्या रकान्यात चुकलं. तो रकाना भरला की बाकी सगळं तयार आहे.

सडेतोड

सिनसिनाटीचं पुढचंही सांगा की. २०१९ ला ७५ गोल खाल्ले. २०१९, २०२०, २०२१, तिन्ही वर्षं अख्ख्या लीगच्या तळाला. इंग्लंडात असते तर चौथ्या पातळीवर जाऊन बसले असते. इथे काय झालं? काही नाही. चौथ्या वर्षी नवा प्रशिक्षक, नवा व्यवस्थापक, आणि २०२३ ला सर्वाधिक गुणांची ढाल. कुणी म्हणेल सुंदर पुनरागमन. मी म्हणतो, तीन वर्षं नापास होऊनही वर्ग बदलत नाही अशी ही शाळा आहे.

आणि 'लोकांनी स्टेडियम भरून दाखवलं' हे अर्धसत्य. सिनसिनाटीच्या मागे लिंडनर घराण्याचा पैसा होता. लोक तर सॅक्रामेंटोतही आले होते.

मृण्मयी

मी सॅक्रामेंटोजवळ डेव्हिसला राहते, सामन्यांना जाते, म्हणून जरा मैदानावरचं लिहिते. कोट्यवधींच्या गप्पांत ते राहून जातंय.

रिपब्लिकचं मैदान कॅल एक्स्पोच्या आवारात आहे, म्हणजे राज्याची जत्रा भरते तिथे. २०१४ ला घाईघाईत उभं केलेलं, आधी आठ हजारांचं, मग वाढवत वाढवत साडेअकरा हजारांच्या आसपास नेलेलं. बाकं अ‍ॅल्युमिनियमची. जुलैत संध्याकाळी सात वाजताही हात टेकवत नाही त्यावर. पण टॉवर ब्रिज बटालियनवाले, म्हणजे क्लबचे पाठीराखे, गोलच्या मागे ढोल बडवायला लागले आणि लोकांनी पाय आपटायला सुरुवात केली की तेच पत्रे असे दणाणतात की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पक्कं काँक्रीट असतं तर हा आवाज निघालाच नसता.

२०२२ चा ओपन कप आठवा. बर्कल जाऊन दीड वर्षही झालं नव्हतं. आधी सॅन होजेला २-०. मग लॉस एंजेलिसला जाऊन गॅलक्सीला २-१. उपांत्य सामना घरी, स्पोर्टिंग कॅन्सस सिटीशी, एकशेवीस मिनिटं ०-०. पेनल्टीवर ५-४, शेवटची मारली कर्णधार रोद्रिगो लोपेसने. लोक ओळखीचं-अनोळखी न बघता एकमेकांच्या गळ्यात पडत होते. २००८ च्या चार्ल्सटननंतर एमएलएसबाहेरचा संघ पहिल्यांदाच अंतिम फेरीत गेला होता. तिथे ऑरलँडोने ३-० हरवलं, ते सोडा.

ज्या लीगने 'तुमच्याकडे मुख्य गुंतवणूकदार नाही' म्हणून बाहेर ठेवलं, तिचे तीन संघ ओळीने हरवले. त्या रात्री आमच्या रांगेत एमएलएसचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. त्यामुळे माझं मत कानोसांच्या बाजूने झुकतं. पण पूर्ण नाही, कारण वरच्या पातळीवरचे खेळाडू दर आठवड्याला आपल्या गावात बघावेत असं मलाही वाटतंच.

बदली खेळाडू

मृण्मयीताई, नेमकं हेच तर म्हणतोय मी! चषकात एखादी रात्र मिळते. हंगामभर तसं मिळायला वर जायलाच हवं.

ऑफसाइड आबा

ओपन कपचा विषय निघालाच आहे तर रॉचेस्टरची गोष्ट सांगतो. रिपब्लिकवाल्यांनी ती पाठच करायला हवी.

रॉचेस्टर रायनोज. १९९६ ला सुरू झाले, बेसबॉलच्या मैदानावर खेळायचे, आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी दहा हजारांवर लोक यायचे. काही एमएलएस संघांनाही तेव्हा एवढे जमवताना घाम फुटायचा. १९९९ ला त्यांनी ओपन कप जिंकला, अंतिम सामन्यात कोलोरॅडोला २-० ने हरवून. त्यानंतर आजवर एमएलएसबाहेरच्या एकाही क्लबला तो जिंकता आलेला नाही. म्हणजे तेव्हा 'पुढचा एमएलएस संघ कोण' याचं उत्तर रॉचेस्टर हेच होतं.

लीगला पाहिजे होतं फुटबॉलचं स्वतंत्र स्टेडियम. ते बांधायला वेळ लागला. २००६ ला उघडलं, तोवर लीगची नजर मोठ्या शहरांकडे वळली होती आणि प्रेक्षकांचाही पहिला बहर ओसरला होता. २००८ मध्ये मालकांच्या हातून क्लब आणि स्टेडियम दोन्ही गेलं. पुढे नवे मालक आले, २०१७ नंतर यूएसएलमधलं खेळणं थांबलं. इंग्लिश फुटबॉलपटू जेमी व्हार्डी भागीदार झाला, नाव बदललं, २०२२ चा एक हंगाम झाला आणि २०२३ ला कायमचं कुलूप.

एमएलएसमध्ये जाण्यासाठी बांधलेलं स्टेडियम एमएलएस न मिळाल्यावर गळ्यात पडतं. चौदा हजारांच्या स्टँडमध्ये चार हजार लोक बसले की ते चारशेच दिसतात.

पोटमाळा

बाप रे. आणि सॅन डिएगोने ५० कोटी भरले म्हणालात, तिथेही खालच्या डिव्हिजनचा क्लब होता ना? अमेरिकेचा जुना खेळाडू लँडन डोनोवन, त्याचा?

सडेतोड

होता. सॅन डिएगो लॉयल. २०२० पासून खेळत होता. २०२३ च्या मे महिन्यात शहराला एमएलएसचा ३०वा संघ जाहीर झाला, नवे मालक, नवं नाव, मोठं स्टेडियम. ऑगस्टमध्ये लॉयलने सांगितलं की हा आपला शेवटचा हंगाम. मालकांनी दुसरीकडे जागा शोधायचा प्रयत्न केला, जमलं नाही. बंद.

ही दुसरी तऱ्हा. शहर वर जातं, क्लब जात नाही. इंडियानापोलिसमध्येही तोच रंग दिसला. तिथल्या यूएसएल क्लबने, इंडी इलेव्हनवाल्यांनी, २०२३ ला आपल्या स्टेडियमचं भूमिपूजन केलं, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये महापौरांनी जाहीर केलं की शहर वेगळ्या जागेवर, वेगळ्या गुंतवणूकदारांना घेऊन एमएलएससाठी अर्ज करणार. दहा वर्षं ज्यांनी शहरात फुटबॉल जगवला ते बघत बसले.

तेव्हा 'सॅक्रामेंटोला एमएलएस मिळो' अशी प्रार्थना करताना जपून. सॅक्रामेंटोला मिळेल आणि रिपब्लिकला मिळणार नाही, असंही होऊ शकतं.

कानोसा

सडेतोड, हा मुद्दा माझ्या मूळ लेखात यायला हवा तितका महत्त्वाचा आहे. धन्यवाद.

आता सध्याच्या घडामोडींकडे येतो. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये क्लबची बहुसंख्य मालकी विल्टन रँचेरियाकडे गेली. ही इथल्या मूळनिवासी मिवोक लोकांची जमात. १९५८ च्या कायद्याने सरकारने यांची मान्यता काढून घेतली होती, ती २००९ मध्ये परत मिळाली. २०२२ पासून सॅक्रामेंटोजवळच्या एल्क ग्रोव्हमध्ये त्यांचा स्काय रिव्हर कॅसिनो चालतो. म्हणजे पैसा इथलाच आहे, आणि ही मंडळी उद्या दुसऱ्या शहरात बस्तान हलवणारी नाहीत. शब्दशः याच मातीतली आहेत. बर्कल आणि यांच्यात मला हा फरक सगळ्यात मोठा वाटतो.

त्याच वेळी रेलयार्ड्समधलं नवं स्टेडियमही जाहीर झालं: सुरुवात १२ हजार आसनांनी, गरज पडली तर २० हजारांपर्यंत वाढवता येईल असा आराखडा. आबांच्या रॉचेस्टरच्या गोष्टीचं उत्तर या आराखड्यात आहे असं मला वाटतं. आधी भरेल तेवढं बांधा.

दुसरीकडे यूएसएलने २०२५ च्या फेब्रुवारीत जाहीर केलं की २०२७-२८ मध्ये स्वतःची पहिली डिव्हिजन काढणार. मार्चमध्ये मालकांनी मतदान करून बढती-पदावनतीही मान्य केली, २०२८ पासून. तीन पातळ्या, वर-खाली जाणं निकालावर. या देशात व्यावसायिक फुटबॉलमध्ये असं कधी झालेलं नाही. मग एमएलएसच्या पन्नास कोटींसाठी रांगेत का उभं राहायचं? आणि पुढच्या वेळी आकडा पन्नासवरच थांबेल असंही नाही.

बदली खेळाडू

जमातीचा मुद्दा दोन्ही बाजूंनी कापतो बरं का. सॅन डिएगो एफसीच्या मालकांत मोहम्मद मन्सूर यांच्याबरोबर सिकुआन ही मूळनिवासी जमात आहे. कॅसिनोवालेच. म्हणजे एमएलएसला अशी मालकी चालते, हे आता उघडपणे सिद्ध झालंय. २०१९ ला हे चित्र नव्हतं.

आणि यूएसएलच्या पहिल्या डिव्हिजनबद्दल एवढी खात्री बाळगू नका. फेडरेशनचे निकष वाचा. पहिल्या डिव्हिजनसाठी स्टेडियम किमान १५ हजारांचं लागतं. दुसऱ्या डिव्हिजनला ५ हजार पुरतात. शिवाय तीन चतुर्थांश संघ दहा लाखांपेक्षा मोठ्या महानगरांत हवेत. सॅक्रामेंटोची लोकवस्ती वीस लाखांच्या वर आहे, तिथे अडचण नाही. पण तुमचं १२ हजारांचं 'ऐपतीचं' स्टेडियम तुमच्याच लाडक्या नव्या लीगच्या निकषात बसत नाही!

ऑफसाइड आबा

हा टोला बरोबर बसला.

पोटमाळा

पण मग छोट्या गावातला क्लब जिंकून वर आला आणि त्याच्याकडे सहा हजारांचंच स्टेडियम असलं तर? बढती नाकारणार? मग ती बढती कसली? ल्युटनला या नियमाने कुणी आत घेतलं नसतं.

सडेतोड

म्हणूनच हे निकष आणि बढती-पदावनती एकत्र नांदणं कठीण आहे. निकष बंद लीगसाठी लिहिलेत, जिथे नवा सभासद वर्षानुवर्षं तयारी करून येतो. एक तर फेडरेशन सवलत देईल, नाहीतर यूएसएलची बढती ही 'जिंका, आणि शिवाय १५ हजार खुर्च्या दाखवा' अशी होईल. खरी मारामारी मैदानावर होणार नाही, फेडरेशनच्या बैठकीत होईल.

आणि ल्युटनचं कौतुक करणाऱ्यांनी पुढचंही वाचावं. २०२४ ला प्रीमियर लीगमधून खाली, २०२५ ला परत खाली, थेट तिसऱ्या पातळीवर. सॅक्रामेंटोच्या प्रेक्षकाला हे पचेल का? वर जायची हौस सगळ्यांना, खाली जायची तयारी किती जणांची?

मृण्मयी

पचेल की नाही ते केव्हिन नेगल यांना विचारा. रिपब्लिकचा कारभार इतकी वर्षं त्यांच्याकडे होता, एमएलएससाठी सगळ्यात जास्त जोडे त्यांनीच झिजवले. २०२३ ला त्यांनी हडर्सफील्ड टाउन हा इंग्लिश क्लब विकत घेतला आणि पहिल्याच पूर्ण हंगामात संघ तिसऱ्या पातळीवर उतरला. इथे जिंकून वर जाता आलं नाही, तिथे हरून खाली जावं लागलं. दोन्ही पद्धतींची झळ बसलेला दुसरा माणूस निदान मला तरी माहीत नाही.

सडेतोड, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: किंग्ज बास्केटबॉलमध्ये इतकी वर्षं हरत होते तरी या गावाने त्यांना सोडलं नाही. २०१३ ला तो संघ सिअ‍ॅटलला निघाला होता तेव्हा लोक अक्षरशः रस्त्यावर आले. या गावाला हरण्याची नाही, कुणीतरी उचलून नेण्याची भीती आहे. आता बघा, बेसबॉलचे अ‍ॅथलेटिक्स लास व्हेगासला जायच्या वाटेवर नदीपलीकडे वेस्ट सॅक्रामेंटोत मुक्कामाला आलेत आणि नावात सॅक्रामेंटो घालायलाही तयार नाहीत. नुसतेच 'अ‍ॅथलेटिक्स'. अशा गावात रिपब्लिकच्या बिल्ल्यावर कॅलिफोर्नियाचं अस्वल आहे आणि नावात सॅक्रामेंटो आहे, याची किंमत बाहेरच्याला कळणार नाही.

बदली खेळाडू

हे मान्य. पण उद्या गार्बर यांच्या जागी आलेल्या माणसाने फोन केला तर क्लबने उचलायचा की नाही? उचलायचा असं म्हणणारे किती, हात वर करा.

ऑफसाइड आबा

उचलायचा. आणि पहिला प्रश्न विचारायचा की नाव, बिल्ला आणि मैदान आमचंच राहणार का. उत्तर 'बघू' असं आलं की ठेवून द्यायचा.

कानोसा

आबांशी सहमत. मात्र १५ हजारांच्या मुद्द्यावर माझं उत्तर बाकी आहे. आराखड्यात २० हजारांपर्यंत वाढ धरलेली आहे, म्हणजे तीन हजार खुर्च्या पुढे वाढवणं हे पाडून नव्याने बांधण्यासारखं काम नाही. पहिली दोन वर्षं १२ हजार भरून दाखवले, तर वाढवायचा खर्च दाराच्या पैशातून काढता येतो का एवढं बघायचं. ते जमलं तर यूएसएल की एमएलएस हा वाद घालताना निदान हातात भरलेलं स्टेडियम असेल, आणि ते कुणाच्या एका सहीवर रद्द होणार नाही.

बदली खेळाडू

दाराच्या पैशातून तीन हजार खुर्च्या? कानोसा, बांधकामाचे दर कुठल्या वर्षीचे धरलेत? आकडे मांडा, मग बोलू.